लखनौचा कापरा सूर

ज्या शहरात तलत महमूद लहानाचा मोठा झाला, त्या शहरातून एक फेरफटका

लखनौचे चारबाग स्टेशन बाहेरून पाहिले तर ते स्टेशन वाटतच नाही. घुमट, छत्र्या, कमानी, लाल-पांढरा रंग. एखाद्या नवाबाने हौसेने बांधलेला वाडाच जणू. सांगतात, की त्याच्या पोर्चमध्ये उभे राहिले तर आत आलेल्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही. खरे-खोटे ज्याचे त्याने उभे राहून पाहावे. पण सामान मोजत, पोरांचे हात धरत बाहेर पडणाऱ्या मराठी प्रवाशाला तेवढी सवड कुठली? मुंबईहून निघालेली पुष्पक एक्स्प्रेस त्याला जवळजवळ एक दिवस एक रात्र हलवून शेजारच्याच लखनौ जंक्शनवर उतरवते, आणि समोर रिक्षावाला अदबीने वाकून दुप्पट भाडे सांगतो. लखनौची तहजीब म्हणतात ती इथूनच सुरू होते.

पर्यटक लखनौला काय पाहतो, हे ठरलेले असते. बडा इमामबाडा आणि त्यातली भूलभुलैया, रूमी दरवाजा, रेसिडेन्सीच्या भिंतींवरच्या १८५७च्या तोफगोळ्यांच्या खुणा, अमीनाबादेतले कबाब, चौकातले चिकनकाम. हे सगळे पाहावेच. पण पन्नाशी-साठी ओलांडलेला एखादा गृहस्थ या शहरात पाऊल ठेवताच नकळत काहीतरी गुणगुणू लागतो, आणि ते गाणे बहुतेक वेळा तलत महमूदचे असते. घरातली मुले हसतात. 'बाबा, किती रडकी गाणी!' असेही म्हणतात. म्हणू देत. बाबांना ठाऊक असते, की तो रडत नाही. रडू आवरून गातो.

तलतचा जन्म लखनौचा, २४ फेब्रुवारी १९२४चा. तो गेला मुंबईत, ९ मे १९९८ रोजी. मधल्या चौऱ्याहत्तर वर्षांत त्याने कलकत्ता जिंकले, मुंबई जिंकली, परदेशातली सभागृहे भरवली. पण त्याचा आवाज घडला तो इथे, गोमतीकाठी. (मराठी माणूस आपल्या लाडक्या गायकाला एकेरीतच हाक मारतो. लता, आशा, रफी, तसाच तलत. त्यात अनादर नाही, असलीच तर घरातली सलगी आहे.)

परीखान्यात मराठी माणसे

तलतचे लखनौ शोधायचे तर सुरुवात कैसरबागेपासून करावी. अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याने १८४८ ते १८५० या काळात हा राजवाड्यांचा पसारा उभा केला. नवाब स्वतः कवी, नाचगाण्याचा वेडा. कैसरबागेतल्या परीखान्यात त्याच्या नर्तकी आणि गायिका शिकत. १८५६ साली इंग्रजांनी राज्य खालसा केले, नवाबाची रवानगी कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला झाली आणि पुढच्याच वर्षीच्या उठावानंतर कैसरबागेचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. उरले ते आज सफेद बारादरी, दरवाजे, काही इमारती अशा तुकड्यांत दिसते. परीखान्याची इमारत मात्र पुन्हा गाण्याच्याच कामी आली, आणि ती आणण्यात एका मराठी माणसाचा हात होता.

पंडित विष्णू नारायण भातखंडे मुंबईच्या वाळकेश्वरचे, १८६०चे. पेशाने वकील. संसार उरला नाही, वकिली सोडली आणि वह्या घेऊन हिंदुस्थानभर बंदिशी गोळा करत फिरले. हिंदुस्थानी संगीताचे शास्त्र मांडणारा त्यांचा मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, हे उत्तरेतल्या विद्यार्थ्यांना आजही नवलाचे वाटते. १९२४-२५च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने लखनौला अखिल भारतीय संगीत परिषदा भरल्या आणि १९२६ साली राय उमानाथ बली, राय राजेश्वर बली या इथल्या रसिक जमीनदारांच्या साह्याने मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक सुरू झाले. नाव त्या वेळच्या गव्हर्नरचे, कल्पना वाळकेश्वरच्या वकिलाची. पुढे १९६६ साली त्याला भातखंड्यांचेच नाव मिळाले. २००० साली ते अभिमत विद्यापीठ झाले आणि २०२२ पासून ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. लखनौच्या रस्त्यावर देवनागरीत 'भातखंडे' ही पाटी वाचताना मराठी प्रवाशाची छाती दोन बोटे फुगते, आणि फुगू द्यावी.

भातखंड्यांनी या कॉलेजची धुरा आपले शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे १९२८ साली सोपवली. तेही मुंबईचे, बडोद्याच्या फैयाज खाँसाहेबांकडेही शिकलेले. शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्यांवर जीव लावणारे. त्यांच्यामागे दूरदूरहून मुले आली. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचे के. जी. गिंडे तर अगदी पोरवयात घर सोडून लखनौला आले आणि रातंजनकरांच्या घरातलेच होऊन राहिले. चिदानंद नगरकर आणि एस. सी. आर. भट हेही याच तालमीत तयार झाले.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस याच कॉलेजात एक सडपातळ, लाजाळू मुलगा भटांकडे शास्त्रीय गाणे शिकू लागला. भट स्वतः तेव्हा तरुण होते, शिष्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठे. तो मुलगा तलत.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. शास्त्रीय गाण्याचा पहिला धडा काय? सूर स्थिर ठेवा. तंबोऱ्याच्या 'सा'त आपला 'सा' असा मिसळा, की दोन्ही वेगळे ओळखू येऊ नयेत. हलला, कापला, की गुरुजींची मान नकारार्थी हलते. आणि या मुलाच्या गळ्यात तर जन्मजात एक थरथर होती! दिव्याची ज्योत वाऱ्याच्या झुळुकीने हलावी तशी. सूर जागचा ढळत नसे, पण स्वस्थही बसत नसे. गवई व्हायचे म्हटले तर हा दोषच.

घर की गाणे

तलतचे घर धर्मनिष्ठ, जुन्या वळणाचे. गाणे ऐकायला हरकत नव्हती. घरातल्या मुलाने ते गाऊन दाखवावे, त्यावर पोट भरावे, ही कल्पना मात्र कोणाला मानवणारी नव्हती. एका आत्याला तेवढे त्याचे कौतुक होते. बाकी रात्र-रात्र चालणाऱ्या मैफिलींत कोपऱ्यात बसून ऐकणे एवढेच त्याच्या हाती होते. लखनौत ऐकण्याची ददात नव्हती. मुशायरे होते, कव्वाल होते, आणि मुहर्रमच्या दिवसांत इमामबाड्यांतून सोज आणि मर्सिये होते.

या सोजबद्दल थोडे सांगायला हवे, कारण बाहेरगावच्या माणसाच्या कानी ते सहसा पडत नाही. करबलाच्या हौतात्म्याचा शोक त्यात गायला जातो, पण वाद्य एकही नसते. बाकीचे साथीदार एकच सूर धरून ठेवतात आणि मुख्य गाणारा शांतपणे शब्द मांडत जातो. आवाज चढवायचा नाही, हरकती-मुरक्यांचा बाजार मांडायचा नाही. मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांनी एकोणिसाव्या शतकात याच शहरात मर्सिया हा काव्यप्रकार शिखरावर नेला. दुःख सांगायचे पण अदब सोडायची नाही, ही लखनौची जुनी रीत. तलतने सोज गायले की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण त्याची पडद्यावरची विरहगीते ऐकताना, हा मुलगा कोणत्या हवेत वाढला हे कळल्यावाचून राहत नाही.

लखनौचे आकाशवाणी केंद्र १९३८ साली सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षात, तलत तिथे गझला गाऊ लागला. मीर, दाग, जिगर यांच्या गझला. मीर तकी मीर म्हणजे दिल्ली उजाडल्यावर लखनौच्या आश्रयाला आलेला थोर कवी. १८१० साली तो इथेच वारला. त्याची कबर पुढे रेल्वेच्या रुळांखाली गेली, असे सिटी स्टेशनच्या आसपासचे लोक सांगतात. ज्याच्या थडग्याचा पत्ता नाही, त्याचे शब्द एक शाळकरी पोर रेडिओवरून घरोघर पोहोचवत होते. १९४१ साली एचएमव्हीने त्याची पहिली तबकडी काढली.

मग तो दिवस आलाच. सिनेमात जायचे असेल तर या घरात राहता येणार नाही, असे सांगण्यात आले. एकीकडे आई-वडील, दुसरीकडे गळा. तलतने गाणे निवडले. आज टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेला मुलांना स्वतः घेऊन जाणाऱ्या आई-बापांना यातले दुखणे कदाचित कळणार नाही. घरच्यांनी त्याला पुन्हा मनापासून जवळ केले त्याला जवळपास दहा वर्षे लागली. तोवर देशभर त्याचे नाव झाले होते.

अमीनाबादपासून फार दूर नसलेल्या लाटूश रोडवर पूर्वी वाद्यांची दुकाने होती. तिथे काही वर्षे आधी आणखी एका लखनवी मुलाने असाच घरचा रोष ओढवून घेतला होता. पेट्या पुसायच्या निमित्ताने तो दुकानात जाई आणि चोरून वाजवी. हा मुलगा नौशाद. त्यालाही घर सोडावे लागले. तो थेट मुंबईला पळाला. एकाच शहराने हिंदी सिनेमाला दोन रत्ने दिली आणि दोन्ही रत्नांना आधी उंबरठ्याबाहेर काढले, असेच म्हणायचे!

दोषाचा गुण झाला

कलकत्ता थोडक्यात सांगायचे. तिथे न्यू थिएटर्सचा दबदबा होता, आणि तलतचे दैवत कुंदनलाल सैगल त्याच नगरीत मोठे झाले होते. १९४४ साली कमल दासगुप्तांच्या चालीवर, फैयाज हाश्मींच्या शब्दांत त्याने गायलेले तसबिरीवरचे गैरफिल्मी गाणे घराघरांत वाजले. बंगाली गाणी त्याने तपन कुमार या नावाने गायली. बंगाल्यांना तो कित्येक वर्षे आपलाच वाटे. दिसायला देखणा, म्हणून कॅमेऱ्यासमोरही उभा राहिला. नवाबाला लखनौहून कलकत्त्याला पाठवले गेले होते, हा आपल्या पायांनी गेला. पण परत येऊन लखनौत स्थायिक होणे दोघांच्याही नशिबी नव्हते. १९४९ साली तो मुंबईला आला.

मुंबईत त्याच्या आधी त्याच्या आवाजाची कुजबुज पोहोचली होती. हा गाताना घाबरतो, याचा आवाज कापतो, असे लोक बोलत. तलतच्या कानांवर ते गेले आणि त्याने ध्यास घेतला, तो कंप दाबायचा. संगीतकार अनिल विश्वास यांनी 'आरजू' चित्रपटासाठी त्याला बोलावले. रिहर्सलला तलत सपाट, सरळ, काळजीपूर्वक गायला. अनिलदा ऐकत राहिले आणि त्यांना तो आवाज आवडेना. ज्या थरथरीसाठी त्याला बोलावले तीच गायब! तेव्हा अनिलदांनी त्याला बजावले, की मला तोच कापरा आवाज हवा आहे. तो नसेल तर या गाण्यात तू नाहीस. १९५० साली 'आरजू' पडद्यावर आला, दिलीपकुमारच्या ओठांवर तलतचा आवाज आला आणि ज्याला लोक खोड म्हणत होते त्याला मखमल म्हणू लागले.

आपल्याकडे घरोघरी असा एखादा प्रसंग घडत असतो. मूल डावखुरे असते, बोलताना अडखळते, चित्रात झाड निळे रंगवते, आणि आपण ते 'नीट' करायला बसतो. प्रत्येकाला अनिल विश्वास भेटतोच असे नाही.

त्याच वर्षी नौशादच्या 'बाबुल'मध्येही तलत गायला. लखनौचे दोन घरभेदे एकत्र आले म्हणून रसिकांनी केवढ्या आशा केल्या! पण ती जोडी पुढे फारशी जमली नाही. तलतने नौशादसमोर सिगारेट ओढली आणि अदबीला पक्के असलेल्या नौशादला ते खटकले, असे सांगितले जाते. लखनवी माणसाचा राग असाच, आवाज न करता वर्षानुवर्षे पुरणारा.

त्यापुढची दहा-बारा वर्षे म्हणजे तलतची दिवाळी. 'तराना', 'दाग', 'संगदिल'. 'फुटपाथ'मध्ये (१९५३) खय्यामने त्याच्याकडून संध्याकाळच्या उदासीचे गाणे गाऊन घेतले ते तबल्याच्या ठेक्याशिवाय. ताल ऐकणाऱ्याने मनात धरायचा. 'टॅक्सी ड्रायव्हर'मधल्या (१९५४) गाण्याने सचिनदेव बर्मन यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. 'मिर्झा गालिब'मध्ये सुरैया आणि तलत यांनी गालिबची गझल अशी गायली, की उर्दूचे 'अलिफ, बे' न येणाऱ्या माणसालाही ती समजल्यासारखी वाटली. शब्द स्वच्छ, 'ख'चा घसारा जिथल्या तिथे, पण विद्वत्तेचा आव नाही. हे लखनौचे देणे.

आणि 'सुजाता' (१९५९). बिमल रॉय यांच्या या चित्रपटात सुनील दत्त टेलिफोनवरून गातो आणि दुसऱ्या टोकाला नूतन नुसती ऐकते. संवाद नाही, हालचाल नाही, फोनची तार आणि एक आवाज. पडद्यावर चेहरा आपल्या समर्थांच्या नूतनचा. टेलिफोनवर माणूस दिसत नाही, आवाजावरूनच त्याचे मन ओळखावे लागते, आणि त्या कामाला तलतइतका योग्य आवाज दुसरा कोणता असता?

मराठीनेही त्याला बोलावले. 'पुत्र व्हावा ऐसा'मध्ये तो गायला, 'मोलकरीण'मध्ये (१९६३) आशा भोसले यांच्याबरोबर त्याचे द्वंद्वगीत आहे. ही गाणी रेडिओवर लागली की आजही स्वयंपाकघरातून 'अरे, आवाज वाढव' अशी सूचना येते. मराठी, बंगाली, आणखी कितीतरी भाषा. १९७७ साली 'द्वीप' या मल्याळम चित्रपटातही तो गायला. सगळी मिळून साडेसातशेच्या आसपास गाणी. लताबाईंच्या किंवा रफीच्या आकड्यांपुढे हा आकडा लहान आहे. पण तलतच्या गाण्यांतली आठवत नाहीत अशी किती, हे मोजायला बसले तर यादी फारशी लांबत नाही.

मग आटले का? अभिनयाने घात केला, असे अनेकजण म्हणतात. 'दिल-ए-नादान', 'सोने की चिड़िया' आणि इतर मिळून दहा-बारा चित्रपटांत तो नायक म्हणून आला. चेहरा चांगला होता, पण पडद्यावरचा तलत गाण्यातल्या तलतएवढा कोणालाच लक्षात राहिला नाही. तिकडे सिनेमाही बदलत होता. नायक झाडांवरून उड्या मारू लागला, वाद्यवृंद मोठा झाला, आणि पन्नास व्हायोलिनांच्या गर्दीत हलक्या आवाजात बोलणाऱ्याला कोण विचारतो? १९६८च्या 'आदमी'साठी त्याने रफीबरोबर गायलेले गाणे तबकडीवर आले, पण चित्रपटात त्याच्या जागी महेंद्र कपूरचा आवाज होता. संगीतकार नौशादच. तलतने त्यावर गावभर बोभाटा केल्याचे ऐकिवात नाही.

पण त्याआधी एक गोड ऋण फिटले होते. सैन्यातली नोकरी सोडून १९४६ साली एक तरुण लखनौ आकाशवाणीवर कार्यक्रम सहायक म्हणून लागला होता. बेगम अख्तरसारख्या कलावंतांच्या सहवासात त्याला गझलेचे वेड लागले. तो मदन मोहन. 'जहाँआरा'च्या (१९६४) वेळी तलतचे दिवस मावळले होते; निर्मात्याला दुसरा, चालणारा आवाज हवा होता असे सांगतात. मदन मोहन हटून बसला. तलत नसेल तर गाणी नाहीत. चित्रपट पडला आणि गाणी राहिली. लखनौच्या रेडिओ केंद्रावर घडलेल्या कानाने लखनौच्या गळ्याला दिलेला हा हात होता.

बेगम आणि मलाई

लखनौत हिवाळ्यात जावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चौकात गोल दरवाजाजवळ पहाटे मक्खन-मलाई विकायला बसतात. दूध रात्रभर दवात ठेवून घुसळलेला केशरी फेस, तोंडात टाकला की चावायला काही उरतच नाही. दिवस चढला, ऊन लागले, की संपला. मुलांना हे नक्की खायला घालावे. मग तिथून ठाकूरगंजला पसंदा बागेत जावे. गल्लीत विचारावे लागते, पण कोणीही वाट दाखवतो. तिथे बेगम अख्तर आपल्या आईशेजारी विसावली आहे. १९७४ साली अहमदाबादच्या मैफिलीनंतर ती गेली आणि तिला लखनौला आणले. कित्येक वर्षे ओस पडलेली ही जागा २०१२ साली तिच्या चाहत्यांनी आणि शिष्यांनी नीट केली. लाल विटांची भिंत, पांढरा संगमरवर. चार भिंतींआड आवाज मंदावतो.

तलत मुंबईतच राहिला आणि मुंबईतच गेला. बंगाली लतिका मलिकशी १९५१ साली त्याने लग्न केले, संसार केला. १९५६ साली तो कार्यक्रमांसाठी पूर्व आफ्रिकेत गेला. हिंदी पार्श्वगायकाने असा परदेश दौरा करण्याची ती सुरुवात मानली जाते. पुढे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्येही तो गायला. १९९२ साली पद्मभूषण मिळाले. अखेरच्या वर्षांत तब्येतीची साथ सुटली होती.

२०२४ साली त्याची जन्मशताब्दी झाली. त्या वर्षी इंग्रजीत त्याचे एक जाडजूड चरित्र निघाले. ज्या घराने गाण्यापायी मुलाला दूर केले होते, त्याच घरातल्या सहर जमान यांनी ते लिहिले आहे; तलत नात्याने त्यांचा चुलत आजोबा लागतो.